मुंबईचा समुद्र मोजायला पैसे कोण देणार? सागरी संशोधनाच्या सरकारी निधीबद्दल

खाडीकाठ | रविवार, सकाळी ९:४०

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डीप ओशन मिशनला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये. तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी मत्स्य ६००० ही पाणबुडी त्यातलाच एक भाग. हे व्हायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. हा धागा काढतोय तो किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी. वर्सोवा, माहीम, वरळी, ठाण्याची खाडी इथलं पाणी वरपासून तळापर्यंत, तळाचा गाळ, त्यातले किडे-शिंपले, प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) हे सगळं दर महिन्याला, वर्षानुवर्षं मोजत राहायला पैसे कुठून येतात?

प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांहून नमुने घेतं, पण ते प्रदूषणाच्या मापदंडांपुरतं. बाकीचं काम तुकड्यातुकड्यांत होतं. एखाद्या प्राध्यापकाला तीन वर्षांचा प्रकल्प मिळतो, दोन विद्यार्थी पीएचडी करतात, प्रकल्प संपतो आणि मोजणी थांबते. नाहीतर पूल, बंदर, भराव यांच्या परवानगीसाठी अभ्यास होतो, तोही परवानगी मिळेपर्यंत. रॅपिड ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा झटपट अभ्यास) म्हणजे पावसाळा सोडून एका ऋतूची आकडेवारी! मुंबईचा समुद्र सगळ्यात जास्त बदलतो तो पावसाळ्यात. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या भरभरून येतात, खाऱ्या पाण्यावर गोड्याचा थर चढतो, गाळ हलतो. नेमके तेच महिने कागदावर कोरे.

७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, खारफुटीच्या मुळांना काळा लेप बसला. नुकसान किती, हे सांगायला आधीची स्थिती माहीत असावी लागते. तेलाच्या आदल्या महिन्यातला, आदल्या वर्षातला तळ कसा होता? सलग नोंद असती तर अंदाज बांधत बसावं लागलं नसतं.

देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे. तो वाढायला हवाच, पण मला जास्त सलतं ते पैशाचं तुटक येणं. इथे संशोधनात, मासेमारीत, सरकारी खात्यांत काम केलेले बरेच जण आहेत. तुमचे अनुभव लिहा.

वेसावकर | रविवार, दुपारी १:१५

धागा काढलात, बरं केलंत. सीआयएफई, म्हणजे मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था, आमच्या गावाला लागूनच आहे, १९६१ पासूनची. सीएमएफआरआयची (सागरी मासेमारीवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) माणसं बंदरावर येतात, टोपल्या मोजतात, पट्टी लावून मासळीची लांबी घेतात. त्यांचा मला आदर आहे. ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा इथे कुठली मासळी किती उतरली याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. म्हणून तर २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला.

पण मासळी उतरली किती, हे कळलं म्हणजे कमी का झाली हे कळलं असं नाही. आम्ही डोल, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं लावणारे. डोल उधाणाच्या ओढीवर चालते. पूर्वी ज्या कवीवर (डोल लावायच्या ठरलेल्या जागेवर) बोंबील, मांदेली, जवळा भरून यायचा तिथे आता ओढ तीच आहे, पण डोलीत प्लास्टिक येतं आणि वरून बुळबुळीत गाळ. पाणी बदललं, तळ बदलला की वर ट्रॉलर आणि पर्ससीन वाढले म्हणून? आम्ही म्हणतो तिन्ही. अधिकारी विचारतात, पुरावा काय. पुरावा पाण्याचा हवा आणि पाणी कोणी मोजलेलं नाही. शेवटी बैठकीत आमचा शब्द आणि समोरच्याचा अहवाल, एवढंच उरतं.

सायली_जे | रविवार, रात्री ११:०५

मी पीएचडी करतेय, मुंबईच्याच एका संस्थेत. नाव लिहीत नाही. खाडीच्या तोंडाशी विरघळलेला ऑक्सिजन आणि तळातले जीव हा माझा विषय.

काम कसं असतं ते सांगते, म्हणजे पैसे कुठे लागतात ते कळेल. नायस्किन बाटली दोरीला लावून खाली सोडायची, ठरलेल्या खोलीवर वजन पाठवून तिची झाकणं मिटवायची. वर आलं की नळीने काचेच्या छोट्या बाटलीत पाणी भरायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये. मग होडीतच मँगनीजचं द्रावण आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. नसेल तर साका पांढराच राहतो. ओहोटीच्या शेवटी नाल्याच्या तोंडाशी तळातलं पाणी घेतलं तेव्हा माझ्या हातातली बाटली पांढरीफटक राहिली होती. त्याच जागी भरतीला तपकिरी. सहा तासांत एवढा फरक! वर्षातून एकदा नमुना घेऊन काय कळणार?

या कामात महाग यंत्र एखादंच असतं. खर्च होतो तो होडीचं भाडं, डिझेल, रसायनं आणि माणूस यांवर, आणि हाच पैसा वेळेवर येत नाही. जेआरएफची (नव्या संशोधक विद्यार्थ्यांची) फेलोशिप २०२३ पासून ३७,००० झाली, वर घरभाडे भत्ता. आकडा चांगला आहे, पण आमच्या प्रकल्पाचा हप्ता अडकला तेव्हा कित्येक महिने एक रुपयाही मिळाला नाही. अंधेरीत खोली घेऊन राहणाऱ्या मुलीने ते महिने कसे काढायचे? बरोबरीची एक जण सोडून गेली. तिला शेवंडांच्या अळ्या नुसत्या डोळ्यांनी ओळखता यायच्या. ती नजर तयार व्हायला वर्षं लागतात.

मंदार_के | सोमवार, सकाळी ८:२०

वेगळं मत मांडतो. पालिकेच्या रुग्णालयात खाटा नाहीत, लोकलमधून माणसं पडून मरतात. अशा शहरात गाळातले किडे मोजायला कायमचा निधी मागणं सामान्य करदात्याला कसं पटवणार? संशोधनाला विरोध नाही, पण प्राधान्यक्रम असतोच. शिवाय उपग्रह आहेत, मॉडेल्स आहेत. होड्या घेऊन फिरायची गरज अजून आहे का?

समुद्रगामी | सोमवार, सकाळी ११:३०

मंदार, प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर याच कामात होतो, आता निवृत्त आहे.

आधी उपग्रहाबद्दल. तो पृष्ठभाग पाहतो, पावसाळ्यात ढग आले की तेही नाही, आणि किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात हरितद्रव्याचा अंदाज चुकतो. तळाशी ऑक्सिजन आहे की नाही हे त्याला दिसत नाही. मॉडेलची खातरजमा करायलाही प्रत्यक्ष मोजलेले आकडेच लागतात.

आता एक उदाहरण. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन नमुने घेतले. होडी, बाटल्या, तेच विंकलर टायट्रेशन जे सायलीने सांगितलं. त्या नोंदींमुळे कळलं की पावसाळ्याच्या उत्तरार्धात खालून वर येणारं पाणी ऑक्सिजन हरवून बसतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाशी हायड्रोजन सल्फाइडसुद्धा तयार होतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्याची जगातल्या मोठ्या किनारी अल्प-ऑक्सिजन पट्ट्यांमध्ये नोंद झाली ती अशा कामामुळे. याचा थेट संबंध मासळीशी आहे. ऑक्सिजन संपला की तळातली मासळी पळते किंवा मरते.

मुंबईत काहीच झालं नाही असं मात्र म्हणू नये. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोमॅप्स नावाचा किनारी पाण्याच्या देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, मुंबईचा किनारा त्यात होता. पुढे त्याचं नाव बदललं, रचना बदलली, ठिकाणं कमी होत मोजकी राहिली. अलीकडे इन्कॉइसने (समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) पाण्याची गुणवत्ता सतत मोजणारे तरते बोये बसवले ते कोची आणि विशाखापट्टणमला. मुंबईसमोर तसा बोया का नको, हा प्रश्न विचारायला हवा.

जहाजांबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. सागर कन्या १९८३ ची, सागर संपदा १९८४ ची. दोन्ही जहाजांनी देशाला प्रचंड दिलं. पण ही खोल समुद्राची जहाजं, माहीमच्या खाडीत ती येणार नाहीत. इथे लहान होडी हवी आणि ती दर पंधरवड्याला हवी.

कुलाबा_दांडी | सोमवार, दुपारी ४:५०

मंदार यांच्या करदात्याला मी कुलाब्याची गोष्ट सांगेन.

कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित नोंद होत होती. रोजचं कंटाळवाणं काम. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्याचं प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं आणि कुलाब्याच्या नोंदवहीत ते उतरलं. त्या आकड्यांचा पुन्हा अभ्यास होऊन ते जगापुढे आले २००३ मध्ये, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी. आज उपग्रह आणि वीजवाहिन्यांना सौरवादळाचा धोका किती, हे ठरवताना जगभर कुलाब्याचा तो आकडा वापरतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागलं. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडली असती, म्हणून वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. हलवताना मालिका तुटू नये म्हणून कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे १९०६ पर्यंत एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. शहराचा विकास आणि मोजणी यांची गाठ पडली तेव्हा सरकारने मोजणीसाठी वेगळी तजवीज केली होती, हे लक्षात घ्या.

अपोलो बंदरावरची भरतीमापक नोंद १८७८ पासूनची आहे, हिंदी महासागरातल्या सर्वांत लांब नोंदींपैकी एक. समुद्राची पातळी किती वाढली याचं मुंबईपुरतं उत्तर देता येतं ते त्या नोंदीमुळे. पाण्याच्या उंचीची इतकी जुनी नोंद याच शहरात आहे, आणि पाण्यातल्या जीवसृष्टीची नाही.

हिशेबनीस | सोमवार, रात्री ९:१०

सायली, तुझा राग समजतो. मी एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात बरीच वर्षं काढली. टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो.

अनुदानाचा पुढचा हप्ता सुटतो तो मागच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर. सरकारी वित्तीय नियमांतला जीएफआर १२-अ नमुना, सोबत खर्चाचा तक्ता. तीन विद्यापीठं मिळून प्रकल्प असेल आणि एकाचं प्रमाणपत्र रखडलं, की काही वेळा सगळ्यांचे पैसे अडकतात. पूर्वी हप्ता संस्थेच्या खात्यात यायचा, संस्था थोडे दिवस सांभाळून घ्यायची. आता शून्य शिल्लक खाती आली. मंजूर मर्यादेत खर्च करायचा, ३१ मार्चला उरलेली मर्यादा परत जाते. सरकारचा पैसा खात्यांत पडून राहू नये हा उद्देश योग्य आहे, पण नव्या वर्षाची मर्यादा यायला वेळ लागतो. किनारी कामासाठी एप्रिल-मे हे पावसाळ्याआधीचे शेवटचे महिने. १ जूनला मासेमारी बंद, होड्या वर ओढल्या जातात. पैसे जूनमध्ये आले तर भाड्याने होडी कुठली मिळणार?

खरेदीचे नियम जून २०२५ मध्ये थोडे सैल झाले. वैज्ञानिक संस्थांना थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेर घ्यायची मुभाही मिळाली. रसायनं आणि सुटे भाग यांसाठी याचा खरंच उपयोग होतो.

पण मूळ अडचण वेगळी आहे. दर महिन्याची मोजणी तुम्ही प्रकल्प म्हणून मागता. प्रकल्पाला सुरुवात असते, उद्दिष्ट असतं, शेवट असतो. दुसऱ्यांदा मागायला गेलात की समिती विचारते, यात नवीन काय? खरं उत्तर ‘काहीच नाही, तेच पुढे चालू ठेवायचंय’ हे असतं आणि त्या उत्तराला गुण मिळत नाहीत. हवामान खातं तापमान मोजायला दर तीन वर्षांनी प्रस्ताव लिहीत नाही. ती सेवा आहे, नियमित अर्थसंकल्पात तिची तरतूद आहे. किनारी पाण्याची मोजणीही सेवा म्हणून मागा, आवर्ती, म्हणजे दरवर्षीच्या खर्चाच्या शीर्षाखाली, मंजूर पदांसह.

उत्तरा_क्वीन्सलँड | मंगळवार, सकाळी ६:३०

मी ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ राहते, माहेर गिरगावचं. इथे प्रवाळ आणि पर्जन्यवन दोन्ही दाराशी. सगळं आलबेल आहे असं समजू नका. २००६ मध्ये केंद्र सरकारने सागरी आणि उष्णकटिबंधीय विज्ञानासाठी चार वर्षांचा, ४ कोटी डॉलरचा कार्यक्रम काढला. ग्रेट बॅरिअर रीफ, पर्जन्यवनं आणि टॉरेस सामुद्रधुनी त्यात होती. २०१० ला मुदत संपली. पुढचा कार्यक्रम दुसऱ्या नावाने आला, २०१५ पासून आणखी तिसऱ्या. प्रत्येक वेळी मधल्या काळात करारावरची तरुण मंडळी दुसरीकडे गेली.

तरी मोजणी तुटली नाही. टाउन्सविलची सागरी विज्ञान संस्था १९७२ ची, तिचे लोक १९८० च्या दशकापासून त्याच त्याच प्रवाळांवर जाऊन पाहणी करतात, आणि तो खर्च या येणाऱ्या-जाणाऱ्या कार्यक्रमांवर अवलंबून नाही. हिशेबनीसकाका म्हणतात तेच. पाहणी कायम ठेवली म्हणून बदलत्या कार्यक्रमांतल्या संशोधकांना तिच्यावर उभं राहून नवे प्रश्न विचारता आले. आणखी एक चांगलं होतं, रीफ सांभाळणारे अधिकारी, शेतकरी आणि टॉरेस सामुद्रधुनीतले मूळ रहिवासी प्रश्न ठरवतानाच बसायचे. अहवाल झाल्यावर सादरीकरणाला बोलवायचं, असं नव्हतं.

परवानगी_फाइल | मंगळवार, दुपारी १२:४०

मी पर्यावरण सल्लागार कंपन्यांमध्ये काम केलं आहे. एक गोष्ट कोणी लिहिली नाही. मुंबईचा समुद्र मोजला गेलाय, बराच मोजला गेलाय. अटल सेतू, सागरी किनारा मार्ग, बंदरांचं खोदकाम, प्रत्येकासाठी. नामवंत सरकारी संस्थांनी कष्टाने मोजला. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये हलवले तेही समुद्रविज्ञान संस्थेनेच. पण पैसे प्रकल्पवाल्याचे, म्हणून मूळ आकडे त्याचे. जाहीर होतो तो अहवाल, त्यात सरासरी आणि तक्ते. कोणत्या दिवशी, कोणत्या भरतीला, किती खोलीवर, हे तपशील पीडीएफमध्ये हरवतात. दोन प्रकल्पांनी दोन वर्षांच्या अंतराने एकाच जागी नमुने घेतले असले तरी जोडून बघता येत नाहीत.

नवीन पैसा मागण्याआधी एक अट मागा, जिला खर्च नाही. सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालच्या) परवानगीसाठी गोळा केलेली मूळ आकडेवारी परवानगीबरोबरच सार्वजनिक व्हावी.

मंदार_के | मंगळवार, दुपारी २:०५

कुलाब्याचं उदाहरण आणि ही शेवटची सूचना पटली. खुल्या आकडेवारीला माझा पूर्ण पाठिंबा. कायमच्या पदांबद्दल मात्र शंका आहे. पदं भरायची आणि मग कोणी होडीत पाऊल ठेवायचं नाही, असं होऊ शकतं. सेवा म्हणून पैसे द्यायचे तर दर महिन्याचे आकडे वेळेत जाहीर झालेच पाहिजेत.

खाडीकाठ | मंगळवार, रात्री १०:२०

मंदार, ही अट मागणीतच घालू.

आता हे सगळं तातडीचं का आहे ते सांगतो. मुंबईत सात ठिकाणी नवी मलजल प्रक्रिया केंद्रं उभी राहताहेत, एकूण क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. हजारो कोटींचं काम. ती सुरू झाल्यावर वर्सोवा, मालाड, वांद्रे, वरळी, घाटकोपर, भांडुप, धारावी इथून समुद्रात आणि खाड्यांत जाणारं पाणी बदलेल. हिंदी महासागराच्या काठावरच्या एका महानगरात असा बदल रोज रोज होत नाही. तळातले जीव परत येतात का, किती दिवसांत, आधी कोण येतं, ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या खाद्यावर काय परिणाम होतो? ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे. ही उत्तरं मिळवायची तर केंद्रं सुरू होण्याआधीची दोन-तीन वर्षं मोजलेली हवीत. तो काळ आत्ता चालला आहे. तो गेला की कितीही कोटी दिले तरी परत मिळणार नाही, आणि एवढ्या खर्चाने समुद्र सुधारला का, हे पालिकेलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पैशाचा मार्ग महाराष्ट्राने स्वतःच दाखवलाय. राज्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष २०१२ चा, कांदळवन प्रतिष्ठान २०१५ चं. प्रकल्पांकडून आलेल्या रकमेची ठेव आणि तिच्या व्याजावर काम, ही रचना आपल्याकडे चालते. तशीच ठेव पाण्याच्या मोजणीसाठी का नको? समुद्रात बांधणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात भर घालावी, मोजणी मात्र त्याच्या हाताखाली नसावी.

रेतीकिनारा | बुधवार, सकाळी ७:५५

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ओहोटीला मुलांना घेऊन गिरगाव, हाजी अली, जुहूच्या खडकांवर जाते. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या मंडळींनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या किती जीवांची छायाचित्रं नोंदवली! समुद्रगोगलगायी, ऑक्टोपस, झोआंथिड, सगळं या शहरात आहे हे लोकांना त्यांच्यामुळे कळलं.

तरी सांगते, ‘नागरिक करतील की’ असं म्हणून सरकारने हात झटकू नयेत. मुलं मे महिन्यात सुट्टीला जातात, परीक्षेत येत नाहीत, आणि त्यांना खोल पाण्यात मी पाठवणार नाही. आम्ही खडकांवरची नोंद देऊ, तीही एकाच पद्धतीने, चौकट टाकून. पाण्याची मोजणी पगारी, प्रशिक्षित माणसांनीच करावी. आमच्या एमएस्सी झालेल्या मुलींना ती कामं हवी आहेत.

वेसावकर | बुधवार, दुपारी १२:३०

माणसं लागतीलच तर आमची पोरं घ्या. तांडेलाला भोवरा कुठे, खडक कुठे, गाळ कुठे साचतो हे तोंडपाठ असतं. होडीही गावातूनच घ्या, दर ठरवून, पैसे वेळेवर. जून-जुलैमध्ये बाहेर जाता येणार नाही, पण खाडीच्या आत आणि जेटीवरून बाटली सोडता येते, तेवढं चुकवू नका. आकडे आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मराठीत लागले पाहिजेत.

हिशेबनीस | बुधवार, रात्री ८:४५

मसुदा मी करतो. चार मागण्या ठेवतो: आवर्ती शीर्षाखाली मोजणी, आकडे जाहीर करण्याची मुदत, प्रकल्पांच्या मूळ आकडेवारीचं खुलं भांडार, आणि मुंबईसमोर बोया. प्रत दोन ठिकाणी, पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि राज्याचा पर्यावरण विभाग. समुद्रगामी साहेब, ठिकाणं किती आणि कोणती ते तुम्ही सांगा. खर्चाचा तक्ता त्यावरूनच होईल.

समुद्रगामी | बुधवार, रात्री १०:००

थोडी ठेवा, म्हणजे टिकतील. मालाडची खाडी, वर्सोवा, माहीम, वरळी, ठाणे खाडीत दोन, आणि तुलनेसाठी बाहेर २० मीटर खोलीवर एक. प्रत्येक ठिकाणी पृष्ठभाग आणि तळ. सायली, तुझ्या अनुभवावरून वेळापत्रक मांड.

वेसावकर | गुरुवार, सकाळी ६:४०

वेळापत्रक करताना एक बघा. उधाणाला नमुने घेणार की भांगाला, म्हणजे ओढ कमी असते तेव्हा? पाणी दोन्ही वेळी वेगळं असतं.

सायली_जे | गुरुवार, सकाळी ९:१५

दोन्ही, दादा. महिन्यातून एकदा उधाणाला, एकदा भांगाला, आणि त्या त्या दिवशी भरतीच्या शेवटी आणि ओहोटीच्या शेवटी. म्हणजे ठिकाणामागे महिन्याला चार वेळा, वर आणि तळ धरून आठ नमुने. हिशेबनीसकाका, डिझेल याच हिशेबाने धरा. माहीम आणि वरळी एकाच ओहोटीत उरकणार नाहीत, तिथे दोन होड्या लागतील.